पायाखालचा बिंदू

१

हेसेलचे नकाशाघर डोकम गावच्या कालव्याकाठी, दोरखंडाच्या दुकानावरच्या माळ्यात होते. दोन अरुंद जिने चढून गेले की चार दिशांना चार खिडक्या, मधोमध खालून दिवा लागणारे काचेचे टेबल आणि कोपऱ्यात दांडा फिरवून चालवायचे हिशेबाचे यंत्र. त्या यंत्राशी निन्के हाइत्स्मा गेली अठरा वर्षे बसत होती. ती तारे बसवायची. आकाशाकडे ती फारशी बघत नसे, तिकडे बहुतेक वेळा ढगच असत. तारे तिच्याकडे कार्डांवर यायचे, एका कार्डावर एक, आणि त्याला कागदावर कुठे जागा द्यायची ते ती ठरवायची: डावीकडून इतके मिलिमीटर, खालून इतके.

यातली गोम अशी, की आकाश गोल आणि कागद सपाट. हेसेल नव्या माणसाला गोल चीजवरची लाल मेणाची साल द्यायचा, टेबलावर सपाट करून दाखव म्हणायचा आणि साल फाटली की खूश व्हायचा. काहीतरी बिघडणारच. काय बिघडू द्यायचे एवढेच आपल्या हातात असते आणि त्या निवडीलाच प्रक्षेपण म्हणतात. एकात नक्षत्रांचे आकार शाबूत राहतात, पण कडेला ती फुगतात. दुसऱ्यात क्षेत्र राखले जाते, आकार चेपतात. तिसऱ्यात मध्यापासूनची अंतरे खरी राहतात आणि बाकी सगळे ओढाताण सोसते. हेसेल चाळीस वर्षे पहिलेच वापरत आला होता. त्या प्रक्षेपणाला तिथे सगळे 'फुगरी' म्हणत.

"त्यांना नवीन काहीतरी हवंय," सोमवारी कॉफीच्या वेळी हेसेल म्हणाला. 'ते' म्हणजे नकाशासंग्रह छापणारे, आम्स्टरडामचे. "फुगरी म्हणे जुनाट दिसते. म्हटलं, जुनाट तर मीही दिसतो, मलाही बदलता का?"

"मग काय म्हणाले?" फेनाने विचारले.

"विचार करून कळवतो म्हणाले."

फेना हसली. ती उन्हाळ्यात कामाला लागलेली, पंचविशीची मुलगी. आकड्यांप्रमाणे शाईचे ठिपके भरायचे काम तिचे. ती ज्या खुर्चीवर बसायची ती वीबेची होती, तिच्याआधी ठिपके तो भरायचा. हे तिला ठाऊक होते, आणि म्हणून ती खुर्ची फार पुढे ओढून घेत नसे.

दोन नव्या प्रक्षेपणांचे आकडे निन्केने ऑक्टोबरभर खपून तयार केले होते. दोन्हींचे नमुने शुक्रवारपर्यंत करून त्यातून एक निवडायचे ठरले. कप धुताना हेसेल तिच्याजवळ येऊन उगाच रेंगाळला.

"पाद्रींनी पुन्हा विचारलंय गं. रविवारी नावं वाचायची आहेत. शनिवारपर्यंत सांगितलंस तर बरं, असं म्हणाले."

नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावे वाचतात. एक नाव, घंटेचा एक टोला. वीबे निन्केचा नवरा. मार्चमध्ये तो गेला होता, म्हणजे समुद्रात गेला होता. ओहोटीला तिथला समुद्र मैलोन्‌मैल मागे हटतो आणि खाली नुसता चिखल उरतो. त्या चिखलाचाही नकाशा हेसेल काढत असे, आणि लांब काठी घेऊन, चालत जाऊन, त्याची मोजमापे आणायचा तो वीबे. त्या दिवशी, सात मार्चला, दुपारी चारच्या सुमाराला धुके उतरले. दुसऱ्या ओहोटीला एका खाडीच्या काठाशी त्याची काठी चिखलात उभी सापडली. तो सापडला नाही.

"सांगेन," निन्के म्हणाली. ऑक्टोबरातही तिने हेच सांगितले होते.

२

मंगळवारी दुपारी फेनाने पहिला कागद आणून दिला, क्षेत्र राखणारा. उत्तर आकाश, चौदाशे बारा तारे. निन्के एकेक कार्ड उलटत एकेका ठिपक्यावर पेन्सिलीची बारीक खूण करत गेली. कार्डे संपली आणि एक ठिपका बिनखुणेचा उरला. कागदाच्या वरच्या अंगाला, अगदी अंधुक तारा दाखवतात तेवढा.

"फेना, हा काय प्रकार आहे? पाहुणा आत्तापासूनच?"

पाहुणा ही तिथली रीत होती. नकाशा कुणी चोरून छापला तर पकडता यावा म्हणून पक्क्या प्रतीत एक खोटा तारा घालायचे. कुठे घातला ते शाई भरणाऱ्यालाच ठाऊक असे. वीबेने त्याचा खेळ करून ठेवला होता. "पाहुणा सापडला तर शनिवारचे मासे मी तळीन," तो बायकोला म्हणायचा. अकरा नकाशे झाले. निन्केला पाहुणा एकदाही सापडला नाही, आणि अकराही वेळा मासे तिनेच तळले. तो शेगडीजवळ स्टुलावर बसून सूचना करायचा.

"नमुन्यात कोण पाहुणा घालेल?" फेना म्हणाली. "शाई सांडली असेल. पण माझी शाई सांडत नाही हो. बाकी काहीही सांडतं."

निन्केने भिंग लावले. ठिपका गोल होता, पण डाव्या बाजूला त्याला केसाएवढी खाच होती. वीबेची सगळ्यात बारीक लेखणी एकदा फरशीवर पडली होती, आणि तेव्हापासून तिचा प्रत्येक ठिपका असा डावीकडे खाचलेला उमटायचा. हेसेल नवी लेखणी देत असतानाही वीबेने ती बदलली नव्हती. मार्चमध्ये ती त्याच्या कोटाच्या खिशात होती.

ती कागदावर आणखी वाकली. ओल्या चिखलाचा वास आला, ओहोटीनंतर समुद्राकाठच्या बांधावर उभे राहिले की येतो तसा. मग गेला. माणूस आठ महिने एकाच गोष्टीचा विचार करत बसला की त्याला वासही येणारच, असे तिने स्वतःला समजावले. फेनाने तिच्यादेखत पात्याने तो ठिपका खरवडून काढला.

३

नकाशाघरातल्या प्रत्येक कागदाला डाव्या कडेला तीन भोके पाडलेली असत आणि काचेच्या टेबलावर तीन खुंट्या होत्या. कुठलेही दोन कागद त्या खुंट्यांत अडकवले की कडा तंतोतंत जुळायच्या. ताऱ्यांचा असो की चिखलाचा, आकार एकच. तो कागद फेनाने तपासायला खुंट्यांवर घातला, तेव्हा खाली चिखलाचा नकाशा आधीपासून लावलेला होता. हेसेल सकाळी त्यावर काम करत होता. तिने नेहमीप्रमाणे दिवा लावला.

"अरे देवा, सप्तर्षी समुद्रात पडले," ती म्हणाली आणि कागद उचलायला लागली.

"थांब," निन्के म्हणाली.

खरवडलेली जागा दिव्यावर थोडी पांढुरकी दिसत होती. ती बरोबर त्या खाडीच्या काठावर आली होती. काठी सापडली तिथे हेसेलने पेन्सिलीने एक फुली केली होती आणि नंतर पुसायला त्याचा हात झाला नव्हता. पांढुरका डाग त्या फुलीच्या मधोमध बसला होता.

योगायोग, निन्के मनाशी म्हणाली. चौदाशे ठिपक्यांतला एखादा कुठेतरी पडणारच. हिशेब तिला येत होता, योगायोग किती स्वस्त असतात ते तिच्याइतके कुणाला ठाऊक? पण ही फुली तिला हिशेबात बसवता येईना.

कारण त्या दिवशी वीबे परत आला होता. दुपारी दोनला, चिखलाने बरबटलेला, भुकेला. आणि तिने आकडे बघून म्हटले होते, "एक कोन जुळत नाहीये रे. खाडीजवळचा." तो कुरकुरला. "उद्या," म्हणाला. ती म्हणाली, "आत्ता ओहोटी आहे, तेवढा घेऊन ये की. मी इकडं बाकीचं उरकते." तो कोन घ्यायला तो पुन्हा गेला. हेसेल तेव्हा बाहेर गेला होता, त्याला हे माहीत नव्हते. पाद्रींना माहीत नव्हते. त्याचे नाव त्या यादीत तिनेच घातल्यासारखे होते, मग तिनेच ते वाचायला कसे द्यायचे?

४

बुधवारी दुसरा कागद आला, अंतर राखणारा. तारे तेच, पण प्रत्येक जण आपल्या जागेवरून थोडा थोडा सरकलेला. कार्डे संपली. या वेळीही एक ठिपका उरला.

"नाही," फेना म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी घातला नाही. आईची शपथ, निन्के."

निन्केने चिखलाचा नकाशा खाली घातला, कागद खुंट्यांत अडकवला आणि दिवा लावला. शेजारचे तारे बाहेरच्या बाजूला सरकले होते, आकड्यांप्रमाणे सरकायला हवे होते तसेच. हा ठिपका मात्र आत आला होता. खाडी ओलांडून, दक्षिणेकडे, बांधाच्या दिशेने. खाच तशीच, डावीकडे. तिने पट्टी लावली. खाडी ते बांध हे अंतर त्याने अर्धे कापले होते.

तेवढ्यात खालून आवाज आला. थप्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा थप्, आणि चिखलातून बूट निघताना होतो तसा ओला आवाज. खालचा माणूस दोरखंडाची वेटोळी फरशीवर टाकत असेल, असे म्हणत निन्के जिना उतरली. बुधवारी दुपारी ते दुकान बंद असते, हे तिला अर्ध्या जिन्यात आठवले. ती तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. भीती वाटायला हवी होती आणि वाटलीही. पण भीतीच्याही आधी तिला वाटले, चालतोय. बिचारा अजून चालतोय.

वर आली ती थेट हेसेलकडे गेली.

"मला अजून एक नमुना करायचाय. अंतर राखणाराच, पण सबंध आकाशाचा, एकाच वर्तुळात. ठळक अडीचशे तारे फक्त. मध्यभागी डोकमच्या डोक्यावरचं आकाश."

"डोकम मध्यभागी?" हेसेलने चष्मा वर केला. "जगात पहिल्यांदाच डोकम कशाच्या तरी मध्यभागी येईल. कुठल्या वेळचं आकाश?"

"सात मार्च. दुपारचे चार."

हेसेलचे हसू मावळले. तो हळूच म्हणाला, "दुपारी चारला तारे दिसत नाहीत, निन्के."

"असतात पण."

तो नाही म्हणू शकला असता, पण म्हणाला नाही. म्हातारा मनाने मऊ होता, आणि त्याचे त्यालाच नंतर वाईट वाटले. फेनाने मात्र स्पष्ट सांगितले, "हा कागद मी भरणार नाही. रागवा हवं तर."

"रागवत नाही गं," निन्के म्हणाली. "तू खुर्ची तेवढी दे."

५

गुरुवारभर आणि शुक्रवारी दुपारपर्यंत तिने यंत्राचा दांडा फिरवला आणि ठिपके भरले. वीबेच्या खुर्चीवर बसून, खुर्ची पार पुढे ओढून घेऊन. शुक्रवारी हेसेल छापखान्यात गेला होता आणि फेना शिळ्या भाकरीसारखा कडक निघालेला पाव बदलून आणायला बेकरीत. चारच्या सुमाराला कालव्यावरून धुके वर चढले आणि चारही खिडक्या पांढऱ्या झाल्या.

शेवटी बाहेरचे वर्तुळ उरले. तिने कंपासला लेखणी लावली आणि एका दमात गोल रेघ ओढली. मग कार्डे घेऊन बसली. दोनशे पन्नास कार्डे, दोनशे पन्नास ठिपके. एकही जास्त नव्हता.

तिने पुन्हा मोजले. आला नाही. मध्यभागी डोकम होते, हेच छप्पर होते, याहून जवळचा कागद तिला काढता येत नव्हता. तरी तो आला नाही. तिने निराशेने भिंग बाजूला ठेवायला उचलले आणि ते वर्तुळाच्या कडेवरून फिरले.

ती रेघ नव्हती. एकाला एक चिकटलेले ठिपके होते, सबंध कडेभर, प्रत्येकाला डावीकडे खाच.

गारठ्यात लेखणी अडखळते, तिने स्वतःला सांगितले. अडखळली की रेघेचे ठिपके होतात. आणि हे सांगत असतानाच तिला कळले की आपण काय केले आहे. अठरा वर्षे या कामात घालवलेल्या बाईला हे आधी कळायला हवे होते. या प्रक्षेपणात मध्यापासून सगळ्यात दूर कोण असते? आपल्या पायांखाली, पृथ्वीच्या पार पलीकडे, आकाशाचा जो एक बिंदू असतो तो. आणि तो बिंदू इथे बिंदू राहतच नाही. तो फाटून ताणला जातो आणि सगळी कड होतो. चारही बाजूंना तोच असतो, सारख्याच अंतरावर. तिला तो जवळ हवा होता. जिथून कुठलीच बाजू जवळची नाही अशा जागी तिने त्याला नेऊन ठेवले होते.

थप्.

उत्तरेच्या खिडकीबाहेर. काठी जमीन चाचपत होती. थप्, पूर्वेला, जिथे खाली कालव्याचे पाणी आहे. थप्, दक्षिणेला. मग पश्चिमेला. मग चारही बाजूंना एकदम, आणि मागोमाग बुटांचा तो ओला आवाज. माळा दोन मजले उंच होता, बाहेर पाय ठेवायला कुठेच जागा नव्हती.

निन्केने मान वर केली. उत्तरेच्या काचेपलीकडे धुक्यात एक पाठ होती. मेणकापडाचा कोट, उजवा खांदा थोडा खाली, काठी त्याच हातात असायची म्हणून. ती पूर्वेला वळली. तिथेही पाठ. दक्षिणेला, पश्चिमेला, तीच पाठ, तोच खांदा. कुठल्याही खिडकीत तिला त्याचा चेहरा मिळेना.

"वीबे," ती म्हणाली.

चारही पाठी थांबल्या. आणि आवाज आला, थकलेला, थोडा कुरकुरता, काम अडले की यायचा तसा, कुठल्या बाजूने ते सांगता येऊ नये असा.

"निन्के, कोन किती धरू?"

आयुष्यभर तिने त्याला हे सांगितले होते. तो बाहेर उभा असायचा आणि ती आतून आकडा द्यायची. तिने यंत्राकडे पाहिले, कागदाकडे पाहिले. कडेवरून मध्याकडे यायला सगळेच कोन सारखे होते. सांगण्यासारखा एकही नव्हता. मार्चमध्येही धुक्यात त्याने हेच विचारले असेल, आणि ती इथे बसून बाकीचे उरकत होती.

तिला हुंदका फुटला. ती उठून उत्तरेच्या खिडकीशी गेली, काचेला हात लावला. काच बर्फासारखी गार होती.

"कोन नाही रे," ती म्हणाली. "माझं चुकलं. तेव्हाही चुकलं. तू आता बस. दमला असशील."

कोट जरासा हलला. मान वळेल असे तिला वाटले, आणि ती वळू नये असेही तितकेच वाटले. मग काठी एकदाच टेकली गेली, उभी करून ठेवावी तशी, आणि पाठ हळूहळू खाली गेली. माणूस जमिनीवर बसताना जातो तशी. काचेवर धुके तेवढे राहिले.

फेना पाव घेऊन आली तेव्हा निन्के पात्याने कागदाची कड खरवडत होती. सबंध गोल, न थांबता. फेनाने आपले पाते काढले आणि दुसऱ्या बाजूने खरवडायला सुरुवात केली.

६

"फुगरीच राहू दे," संध्याकाळी हेसेल आल्यावर निन्केने सांगितले. "आम्स्टरडामला कळवा, नकाशाघराचं मत असं आहे."

"जुनाट म्हणतील."

"म्हणू देत. फुगरीत पायाखालचा बिंदू येतच नाही. कितीही मोठा कागद घ्या, तो बाहेरच राहतो."

हेसेलने कड खरवडलेला तो कागद दिव्यावर धरला. मग त्याने गुंडाळी केली, दोऱ्याने बांधली आणि कपाटाच्या मागे सारली. "मला ती त्यासाठीच आवडते," तो म्हणाला. "कुणाला बोललो नव्हतो इतकंच." त्याची बायको जाऊन एकवीस वर्षे झाली होती.

शनिवारी सकाळी निन्के पाद्रींच्या दारात उभी राहिली. नाव सांगितले. मग आत जाऊन, त्यांनी दिलेली कॉफी गार होईपर्यंत, त्या दिवशीच्या कोनाचेही सांगितले. यादीत त्यांनी 'वीबे हाइत्स्मा' लिहिले आणि अक्षरे बरोबर आहेत का ते तिच्याकडून तपासून घेतले.

रविवारी सोळा नावे होती. वीबेचे सातवे. टोला पडला आणि ती श्वास रोखून ऐकत राहिली, घंटेचा नाद विरेपर्यंत आणि त्यानंतरही. कुठे काठी वाजली नाही. पुढच्या बाकावरच्या बाईने आठव्या नावाला डोळ्यांना रुमाल लावला. निन्केला तेव्हा कळले की आता तो खरोखर मेला आहे. ती मोठ्याने रडली, आणि फेनाने तिचा हात घट्ट धरून ठेवला.

घरी आल्यावर तिने शनिवारी आणलेले मासे बाहेर काढले. पिठात घोळवले, लोणी तापवले. शेगडीजवळचे स्टूल रिकामे होते. अकरा नकाशांनंतर पहिल्यांदाच तिला पाहुणा सापडला होता, म्हणजे पैज तिने जिंकली होती. ती थोडा वेळ कालथा हातात घेऊन उभी राहिली. मग लोणी करपायला लागले, तेव्हा मासे तिनेच तळले.